साहेबाचं मूल आणि त्याला मांडीवर घेणारी आया: जुना फोटो वाचावा कसा, जपावा कसा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. घरच्या जुन्या ट्रंकेत जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक फोटो सापडला. पांढऱ्या झबल्यातलं गोरं मूल, त्याला मांडीवर घेऊन बसलेली लुगड्यातली बाई, पाठीमागे पुण्याच्या एका स्टुडिओचं छापील नाव. पणजी खडकीच्या छावणीत साहेबाकडे आया होती, असं घरात पूर्वापार सांगत आले आहेत. तर ही बाई पणजीच का? मूल मुलगा की मुलगी? फोटो केव्हाचा? आणि आता तो टिकवायचा कसा?

उत्तरं शोधता येतात, पण प्रश्न ज्या क्रमाने पडले त्या क्रमाने नाही. बहुतेक जण आधी चेहरा बघतात. त्यात घरच्या कुणाचं तरी साम्य दिसतं आणि मग साल, गाव, कपडे सगळं त्या साम्याला जुळवून घेतलं जातं. हे उलटं करा. आधी पुठ्ठा, मग कागद, मग कपडे, आणि चेहरा सगळ्यात शेवटी.

फोटो कडांना धरून उचला. हात धुऊन पूर्ण कोरडे करा किंवा नायट्राइलचे हातमोजे घाला. सुती हातमोज्यांचे धागे पुठ्ठ्याच्या फाटक्या कडेत अडकतात. मिलिमीटरच्या पट्टीने पुठ्ठ्याची लांबी-रुंदी मोजा. साधारण ६४ बाय १०० भरली तर ते कार्त-द-व्हिझित, म्हणजे भेटकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावरचा फोटो. पॅरिसचा फोटोग्राफर दिस्देरी याने त्याचं पेटंट १८५४ मध्ये घेतलं, आणि १८६० नंतर हा प्रकार सगळीकडे पसरला. १०८ बाय १६५ च्या आसपास असेल तर कॅबिनेट कार्ड, म्हणजे १८६६ च्या आधीचं नाही. मग पुठ्ठा कडेने बघा. पातळ आणि काटकोनी कोपऱ्यांचा पुठ्ठा बहुधा १८६० च्या दशकातला. कोपरे गोल झाले की १८७० नंतरचा. जाड, गडद रंगाचा, सोनेरी तिरक्या कडेचा असेल तर १८८० किंवा ९० चं दशक. हे नियम ढोबळ आहेत, पण तीन-चार खुणा एकाच दशकाकडे बोट दाखवत असतील तर विश्वास ठेवायला हरकत नाही.

पाठीमागचा मजकूर फार कामाचा असतो. स्टुडिओचं नाव, पत्ता, शाखांची यादी, मिळालेले किताब, यातला प्रत्येक शब्द फोटोला ‘याआधीचा नाही’ अशी एक मर्यादा घालतो. उदाहरणं घ्या. सॅम्युअल बोर्न १८६३ मध्ये भारतात आला, आधी सिमल्यात स्टुडिओ थाटला. बोर्न अँड शेफर्डचा कलकत्त्याचा स्टुडिओ १८६७ च्या सुमाराचा, मुंबईची शाखा त्याहून नंतरची. म्हणजे पाठीवर तिन्ही गावं छापली असतील तर १८६० च्या दशकाचा विचार सोडून द्यायचा. लाला दीनदयाळ यांना निजामाने ‘राजा’ हा किताब १८९४ मध्ये दिला आणि त्यांचा मुंबईचा स्टुडिओ १८९६ चा, तेव्हा ‘राजा दीनदयाळ अँड सन्स, बॉम्बे’ असा पुठ्ठा त्याच्या अलीकडचाच. मात्र पुठ्ठे एकदम हजारोंनी, बऱ्याचदा विलायतेतून छापून यायचे आणि संपेपर्यंत वापरले जायचे. शिवाय स्टुडिओ काचेच्या प्लेटा, म्हणजे निगेटिव्ह, सांभाळून ठेवत आणि वर्षांनंतरही नवी प्रत काढून देत. म्हणून पुठ्ठ्यावरून सुरुवातीची मर्यादा कळते, शेवटची नाही. पाठीवर शिसपेन्सिलीने लिहिलेला आकडा दिसला तर तो प्लेटचा नंबर असण्याची शक्यता मोठी. तो खोडू नका, त्यावर पेनने गिरवूही नका.

आता कागद. तीस पटींचं भिंग आणि खिडकीतला आडवा उजेड एवढं पुरे. भिंगाखाली कागदाचे तंतू स्पष्ट दिसत असतील, रंग तपकिरी-जांभळट असेल, उजळ भाग पिवळसर पडले असतील आणि पृष्ठभागावर बारीक तडे असतील, तर तो अंड्यातला बलक काढून उरलेल्या पांढऱ्यावर बनवलेला अल्ब्युमेन प्रिंट. १८५० मध्ये ही पद्धत आली आणि १८९० च्या दशकापर्यंत तिचंच राज्य होतं. तंतू अजिबात दिसत नसतील आणि गडद भागांत, विशेषतः कडांना, निळसर आरशासारखी झाक मारत असेल, तर जिलेटिनचा प्रिंट, म्हणजे बहुधा १८८५ नंतरचा. आणि भिंगाखाली ओळीने मांडलेले ठिपके दिसले तर तो फोटोच नाही, छापखान्यातून निघालेलं चित्र आहे. ही शेवटची तपासणी कधीही टाळू नका. १९०० नंतर ‘आया’, ‘धोबी’, ‘भिस्ती’ अशा मथळ्यांची पोस्टकार्डं भरपूर विकली गेली, आणि त्याआधीही स्टुडिओ असे ‘नमुने’ फोटो म्हणून विकत होते. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत नंबर आणि मथळा उमटलेला असेल, तर तो प्लेटवरच लिहिलेला आहे. म्हणजे ते विक्रीचं चित्र, एका कुटुंबासाठी काढलेलं नव्हे. त्यातली बाई कुणाची पणजी असेलही, पण ट्रंकेत सापडली एवढ्यावरून तुमची ठरत नाही.

मुलाकडे वळू. मुलगे चार-पाच वर्षांचे होईपर्यंत, कधी त्याहून मोठे होईपर्यंत, झबल्यात आणि फ्रॉकमध्येच वाढत. त्यामुळे फ्रॉक म्हणजे मुलगी हे गृहीत धरू नका. त्यातल्या त्यात भरवशाची खूण म्हणजे भांग: मुलीचा मधोमध, मुलाचा एका बाजूला. हातात चाबूक, चाक किंवा ढोल असेल तर मुलगा असण्याकडे झुकाव, बाहुली असेल तर मुलगी. पण खेळणी स्टुडिओचीही असायची, म्हणून एकट्या खेळण्यावर निकाल देऊ नका. खलाशाचा पोशाख मुलांत रुळला तो १८४६ मध्ये चित्रकार विंटरहाल्टरने इंग्लंडचा राजपुत्र अल्बर्ट एडवर्डचं तसं चित्र काढल्यानंतर, आणि शतक संपेपर्यंत तो घरोघरी पोचला. शेजारी स्टुलावर सोला टोपी ठेवलेली असेल तर ती नीट बघा. शोला नावाच्या पाणवनस्पतीच्या पांढऱ्या भेंडापासून ती बनायची. काठाची रुंदी आणि घुमटाची उंची दशकागणिक बदलत गेली, त्यामुळे तारखेला एक आधार मिळतो.

मुलाचा हात किंवा डोकं पुसट आलंय का, हेही पाहा. १८८० च्या आधी ओल्या कोलोडियन प्लेटवर (ओला रासायनिक थर दिलेल्या काचेवर) काही सेकंद स्थिर बसावं लागे. मोठ्यांच्या मानेमागे लोखंडी टेकू लावत, त्याचे पाय कधी कधी मागे दिसतात. तान्ह्याला टेकू लावता येत नाही, म्हणून त्याला कुणीतरी धरावंच लागे. विलायतेत पुष्कळदा आईला पडद्याखाली झाकून बसवत. इथे ते काम आयेकडे आलं, आणि ती चित्रात राहिली. पण कशी राहिली हे महत्त्वाचं आहे. अनेक फोटोंवर अंडाकृती खिडकी कापलेला कागद चढवलेला असतो आणि त्यात फक्त मूल दिसतं. तुमच्या संग्रहात असं काही असेल तर तो कागद स्वतः उचकटू नका. उजेडासमोर तिरका धरून बघा. कडेला बोटं, बांगड्या, लुगड्याचा काठ दिसला तर खाली एक माणूस झाकलेलं आहे.

कोरडी जिलेटिन प्लेट बाजारात आल्यावर वेळ सेकंदावर आणि मग त्याच्याही खाली आली. हसणारं, हात उडवणारं मूल स्पष्ट आलं असेल तर फोटो १८८० नंतरचा समजा. १८८८ च्या कोडॅकने फोटो स्टुडिओतून व्हरांड्यात आणला. त्या पहिल्या कॅमेऱ्याची चित्रं गोल, सुमारे अडीच इंच व्यासाची असत. १९०० ची ब्राउनी सव्वादोन इंची चौकोनी चित्र देई. हे आकार सापडले की फोटो घरच्याच कुणी काढलेला आहे हे जवळपास नक्की.

आता ती बाई. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या टाळायच्या तर प्लेटचं रसायन समजून घ्यावं लागतं. कोलोडियन आणि सुरुवातीच्या जिलेटिन प्लेटा फक्त निळ्या-जांभळ्या उजेडाला जागत. परिणामी निळा रंग फोटोत पांढराफटक येतो आणि लाल, केशरी, हळदी रंग काळपट येतात. पुढच्या प्लेटा हिरव्याला जागू लागल्या, तरी लाल रंग १९२० पर्यंतच्या बहुतेक फोटोंत काळाच आहे. याचा अर्थ असा: फिकट दिसणारं लुगडं प्रत्यक्षात निळं असू शकतं, आणि काळं दिसणारं लाल किंवा हिरवं. ‘पांढरं लुगडं, म्हणजे विधवा’ असा निष्कर्ष काढून घराण्याची अख्खी वंशावळ चुकवणारे लोक आहेत. कुंकवाचंही तेच. लाल कुंकू गडद उमटतं, सावळ्या कपाळात मिसळून जातं. दिसत नाही म्हणून नव्हतं, असं नाही.

त्वचेचंही तसंच झालं आहे. गव्हाळ-तपकिरी त्वचेतला लालसर-पिवळसर भाग या प्लेटांवर गडद होतो. त्यातच फोटोग्राफर उजेडाचा हिशेब मुलाच्या पांढऱ्या झबल्यावर लावतो, कारण पैसे मुलाच्या आईबापांचे आहेत. बाईचा चेहरा मग सावलीत बुडतो. मुलात आणि तिच्यात जो काळ्या-पांढऱ्याचा टोकाचा फरक दिसतो, त्यातला बराच रसायनाने आणि गिऱ्हाइकाच्या पसंतीने घडवलेला आहे. यावर उपाय आहे. सोळा बिटांचा स्कॅन काढा आणि त्याच्या प्रतीवर, मूळ फाइलवर नाही, फक्त सावलीचा भाग हळूहळू उजळवा. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या, नाकातल्या नथीचा आकडा, कानातली बुगडी, दंडातली वाकी असं बरंच काही वर येतं. आणखी एक गोष्ट: प्लेटवर पेन्सिलीने चेहरा गुळगुळीत करण्याचं काम बहुधा गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यापुरतं होई. म्हणून मुलाच्या गालांपेक्षा आयेचा चेहरा अनेकदा अधिक खरा असतो.

लुगडं नेसण्याची पद्धत पाहा. कासोटा दिसतो का, पदर कुठल्या खांद्यावर, डोक्यावर आहे की नाही, चोळी पुढे गाठीची आहे की विलायती पद्धतीचं बाहीचं पोलकं. मुंबई-पुण्याकडच्या आयांमध्ये गोव्याच्या ख्रिस्ती बायका बऱ्याच असत, आणि त्यांच्या गळ्यात क्रूस किंवा जपमाळ सापडते. मुंबईत ३० डिसेंबर १८६५ ला, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्मलेल्या लेखक रुडयार्ड किपलिंगची आयाही गोव्याकडची कॅथलिक होती. दागिन्यांवरून जात-समाज ठरवताना मात्र हात आखडता घ्या. मडमेने फोटोसाठी नवं, स्वच्छ, ठरावीक कापड दिलेलं असू शकतं. पायातली जोडवी, तोडे आणि हातावरचं गोंदण मात्र कुणी फोटोपुरतं उसनं देत नाही, तेव्हा हात आणि पाय चेहऱ्याइतकेच बारकाईने बघा. गोंदण हिरवट-निळं असल्याने या प्लेटांवर फिकं पडतं. सावली उजळवून नाही, तर कॉन्ट्रास्ट वाढवून ते शोधावं लागतं.

असा फोटो काढलाच का, हे कळलं की पुढचा शोध सोपा जातो. ही चित्रं पत्रासारखी होती: विलायतेतल्या आजी-आजोबांना पाठवायची. मुलं पाच ते सात वर्षांची झाली की शाळेसाठी आणि इथल्या तापाच्या, पटकीच्या भीतीने त्यांना विलायतेला धाडण्याची रीत होती. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला, वळसा घालून जाणाऱ्या शिडाच्या जहाजाला चार ते सहा महिने लागत. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडल्यावर आगबोटीने हाच प्रवास तीन-चार आठवड्यांवर आला, आणि ताटातूट कमी होण्याऐवजी सर्रास झाली. किपलिंगला १८७१ मध्ये, सहावं पूर्ण होण्याआधी, तीन वर्षांच्या बहिणीसह इंग्लंडात परक्यांच्या घरी ठेवलं गेलं. तीन ते सहा वर्षांच्या मुलाचा, आयेसह नीट मांडलेला स्टुडिओ-फोटो दिसला तर तो निघण्यापूर्वीचा असू शकतो, आणि मग जहाजांच्या याद्या बघण्यात अर्थ असतो.

बसण्याची ढबही फोटोग्राफरने शोधलेली नाही, ती तैलचित्रांतून आली. इंग्रज चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्सने १७६५-६६ च्या सुमारास जॉर्ज क्लाइव्हच्या कुटुंबाचं चित्र काढलं, ते आज बर्लिनला आहे. त्यात गुडघे टेकून मुलीला सावरणारी भारतीय आया आहे, आणि हे चित्र इंग्लंडात काढलेलं आहे. चित्रकार योहान झोफनी १७८३ ते १७८९ भारतात होता. त्याच्या ऑरिऑल आणि डॅशवुड कुटुंबांच्या चित्रात चहा देणारे, हुक्का सांभाळणारे नोकर कडेने मांडलेले दिसतात. साहेब मध्ये, मूल उजेडात, नोकर कडेला आणि एक पायरी खाली: हीच रचना शंभर वर्षांनी पुण्याच्या स्टुडिओत उतरली.

देशी चित्रकारांची नजर मात्र वेगळी. कलकत्त्याचा सरन्यायाधीश एलाय्जा इम्पी आणि त्याची बायको मेरी यांच्याकडे पाटण्याचा शेख झैनुद्दीन काम करत होता. पक्षी-प्राण्यांच्या चित्रांसाठी तो प्रसिद्ध आहे. इम्पींच्या घरातली जी चित्रं त्याच्या नावावर आहेत, त्यांत खोली, जाजम, पलंग आणि माणसं सगळी सारख्याच काटेकोरपणे रेखलेली आहेत. आया तिथे सावलीत जात नाही, कारण मुघल वळणाच्या कलमाला सावली नकोच असते. घरगुती जीवनाचा पुरावा म्हणून मी झोफनीपेक्षा या चित्रांना वरचं स्थान देईन.

इंग्रज चित्रकार जॉर्ज चिनरीने १८०५ मध्ये मद्रासला काढलेलं कर्कपॅट्रिक भावंडांचं चित्र याच विषयातलं आणखी एक. हैदराबादचा रेसिडेंट (दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी) जेम्स अकिलिस कर्कपॅट्रिक आणि खैरुन्निसा यांची ही दोन मुलं हैदराबादी जरीच्या पोशाखात उभी आहेत. त्यानंतर लगेच त्यांना जहाजावर चढवलं गेलं, विलायतेत नावं विल्यम आणि कॅथरिन झाली. वडील त्याच वर्षी वारले. आपल्याकडचं उदाहरण चित्रकार जेम्स वेल्सचं. १७९१ मध्ये तो मुंबईत आला, पुढच्याच वर्षी पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रं केली, आणि रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याची सहचरी अंबर कौर हिचंही चित्र काढलं. रेसिडेन्सीच्या घरातली बाई इथे नावानिशी समोर बसली आहे. अशी उदाहरणं थोडी, म्हणूनच मोलाची.

नोकरांसकट काढलेला घराचा समूह-फोटो असेल तर माणसं हातातल्या वस्तूंवरून ओळखा. पखालवाला भिस्ती, इस्त्री किंवा गाठोड्यासह धोबी, घोड्याचा लगाम धरलेला मोतद्दार, फुलांची पाटी घेतलेला माळी. साहेबाच्या खुर्चीला सगळ्यात जवळ उभा असतो तो बटलर. मुंबई इलाख्यात घरातलं वरकाम करणाऱ्याला हमाल म्हणत, तेव्हा जुन्या मथळ्यात ‘हमाल’ दिसला म्हणून ओझी वाहणारा समजू नका. आया बहुधा पायरीवर, मुलाच्या उंचीला बसलेली.

आता नावाचा शोध. आयेच्या नावाने सुरुवात केली तर हाती काही लागत नाही, कारण तिचं नाव क्वचितच लिहिलं गेलं. रस्ता मुलाच्या नावावरून जातो. पाठीवरचं पेन्सिलीतलं एखादं ‘बेबी’, आद्याक्षरं, पलटणीचं नाव, काहीही चालेल. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न, दफनांच्या नोंदींच्या प्रती दरवर्षी लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात एन/३ या मालिकेत आहेत (बंगाल एन/१, मद्रास एन/२). फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर त्यांचे स्कॅन पैसे भरून दिसतात. ब्रिटिश भारतातल्या कुटुंबांचा इतिहास शोधणाऱ्या फिबिस या संस्थेची सूची फुकट आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचा हुद्दा असतो. खडकीला तोफखाना आणि सॅपर्स (लष्करी बांधकाम करणारी पलटण) होते, तेव्हा हुद्दा आणि गाव जुळलं की कुटुंब आटोक्यात येतं. मग थॅकरच्या वार्षिक डिरेक्टरीत (त्या काळच्या नाव-पत्त्यांच्या सूचीत) ते कुटुंब कोणत्या वर्षी कुठे होतं ते बघा.

आयेचा माग त्यानंतर. इंग्रजी वर्तमानपत्रं आगबोटीच्या प्रवाशांची यादी छापत, त्यात ‘मिसेस अमुक, दोन मुलं आणि आया’ अशी नोंद असे. इंग्लंडात उतरणाऱ्यांच्या याद्या १८७८ पासून (बीटी २६) आणि निघणाऱ्यांच्या १८९० पासून (बीटी २७) लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. विसाव्या शतकात त्यांत आयेचं स्वतःचं नावही कधी कधी सापडतं. लंडनमध्ये अडकून पडलेल्या आयांसाठी आधी ऑल्डगेटला आणि १९०० पासून हॅकनीतल्या किंग एडवर्ड्स रोडवर ‘आयाज होम’ होतं. तो पत्ता यादीत दिसला तर तुमची बाई समुद्र ओलांडून गेली होती. ती ख्रिस्ती असेल तर खडकी आणि पुणे कॅम्पातल्या चर्चच्या नोंदी बघाव्यात.

पण सगळ्यात चांगला पुरावा तुमच्याच घरात असण्याचा संभव आहे. नोकरी सोडताना साहेब किंवा मडम शिफारशीची चिठ्ठी लिहून देई आणि पुढची नोकरी त्या चिठ्ठीवर मिळे. आया ती जिवापाड जपत. इंग्रजी न कळणाऱ्या पुढच्या पिढ्यांनी असे कागद पोथीत, डब्यात, देवघराच्या फळीमागे ठेवून दिलेले असतात. चिठ्ठीत मालकाचं नाव, पलटण, गाव, तारखा, आणि आयेचं नाव, स्पेलिंग मोडकंतोडकं असलं तरी, असतं. ट्रंक पुन्हा उपसा. अस्तराखालीही बघा. ‘ही पणजीच’ असं म्हणायला चिठ्ठीतलं कुटुंब, फोटोतलं मूल आणि पणजीचं वय, तिन्ही एका दशकात बसायला हवीत. दोनच बसली तर ‘बहुधा’ लिहा.

जपणूक. आपल्याकडचा शत्रू पावसाळा. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि कोकण-मुंबईत जून ते सप्टेंबर ती सहज ८० च्या वर असते. हवी ३० ते ५०. फोटो डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या दिवसांत पॅक करा. दमट हवेत डबा बंद केला तर दमट हवाच कोंडली जाते. आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात किंवा पारदर्शक पॉलिएस्टरच्या खोळीत एकेक फोटो, मग पॉलिप्रॉपिलिनचा झाकणबंद डबा. दहा लिटरच्या डब्याला शंभर-दीडशे ग्रॅम सिलिका जेल, वेगळ्या पुडीत, फोटोला न टेकता, आणि आत छोटा आर्द्रतामापक. काटा ३० च्या खाली गेला तर थोडं जेल काढा. फार कोरड्या हवेत अल्ब्युमेनचा थर आक्रसतो, तडे वाढतात आणि पुठ्ठा वाकतो. डबा लोखंडी कपाटात, बाहेरच्या ओल्या भिंतीपासून दूर. डांबरगोळ्या नकोत. कसर आणि झुरळांसाठी स्वच्छता आणि घट्ट झाकण पुरेसं.

चिकट पानांचे अल्बम, लॅमिनेशन, फेव्हिकॉल, सेलोटेप, यांपैकी काहीही नको. काचेला टेकवून फ्रेम केली तर जिलेटिन पावसाळ्यात काचेला चिकटतं आणि काढताना चित्र काचेवर राहतं. भिंतीवर प्रत लावा, मूळ नको. अल्ब्युमेनमध्ये उजळ भागांत चांदी सगळ्यात कमी असते, त्यामुळे झबल्यावरचं भरतकाम, लेस, कॉलरची घडी हे आधी पुसलं जातं, आणि साल ठरवायला तेच लागतं. म्हणून स्कॅनला उशीर करू नका. कार्त-द-व्हिझित १२०० पीपीआयला (दर इंचाला १२०० बिंदू), कॅबिनेट ८०० ला, रंगीत मोडमध्ये, प्रत्येक रंगाला १६ बिट, टिफ फाइल. आपोआप सुधारणा करणारे सगळे पर्याय बंद. पुढची आणि मागची बाजू, शेजारी पट्टी ठेवून. पुठ्ठा वाकलेला किंवा तडकलेला असेल तर स्कॅनरचं झाकण दाबू नका, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत उजेड ठेवून कॅमेऱ्याने टिपा.

बुरशी दिसली तर ओलं काहीही लावू नका. फोटो कोरड्या हवेशीर जागी ठेवा, ती वाळून पूड झाली की तोंडाला एन-९५ लावून मऊ ब्रशने, फक्त पुठ्ठ्यावरची, बाहेरच्या दिशेने झाडा. चित्रावरची बुरशी जाणकार संवर्धकाकडे सोपवा. आरशासारखा चमकणारा आणि तिरका धरला तरच दिसणारा, चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरचा फोटो, म्हणजे डॅगेरोटाइप, असेल तर त्याची काच उघडायचीही नाही. कापसाच्या एका फटकाऱ्यात चित्र कायमचं जातं. हस्तिदंतावरच्या लघुचित्रांचंही तसंच: रंग डिंकातले, पाण्याच्या थेंबाने विरघळतात. अभ्रकावर रंगवलेल्या नोकरांच्या चित्रांचे संच पापुद्रे सुटून जातात, ते सपाटच ठेवायचे.

शेवटी मथळा. संग्रहांच्या सूचीत असे फोटो ‘अमुक साहेबाचं मूल’ एवढ्याच नावाने पडून आहेत, आणि त्यामुळे बाईला शोधणाऱ्याला ते कधीच सापडत नाहीत. तुमच्या फाइलला नाव देताना दोघंही लिहा: ‘आया म्हणून काम करणारी स्त्री, नाव अज्ञात (घरच्या सांगण्यानुसार पणजी), मांडीवर युरोपीय मूल’. त्याखाली लुगड्याची नेसण, दागिने, गोंदण, स्टुडिओ, पुठ्ठ्याचं माप, कागदाचा प्रकार आणि सालाची दोन्ही टोकं. कोणती गोष्ट पुराव्याने ठरली आणि कोणती घरात ऐकलेली, हे वेगळं नोंदवा. मुलाचे विलायतेतले वंशज सापडले आणि त्यांनी फोटो मागितला, तर मूळ पाठवू नका. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यांना टिफ फाइल पाठवा, मथळ्यासकट, आणि त्यांच्याकडच्या अल्बममध्ये याच बाईचा दुसरा फोटो किंवा पत्रांत तिचं नाव आहे का, ते विचारा.